नायकाची जात काय लिहू?

गेल्या मे महिन्यात भाची आर्वीहून आमच्याकडे वर्ध्याला राहायला आली होती. वर्ध्याच्या मे महिन्यात दुपारी घराबाहेर पाऊल टाकायची सोय नसते. कूलरसमोर लॅपटॉप उघडून ती एक जुना गेम खेळत बसायची. 'मोरोविंड' नावाचा, 2002 सालचा. त्याची सुरुवात मोठी गमतीची आहे. नायक असतो कैदी. जहाजातून उतरवून त्याला एका सरकारी कचेरीत नेतात, आणि ती कचेरी असते जनगणना व अबकारी खात्याची. तिथे एक म्हातारा कारकून तुमचे कागद तयार करतो, तेव्हा कुठे तुम्ही मोकळे.

"मामू, पहिले जात सांगावी लागते. आणि बाई का माणूस ते. मग धंदा."

मूळ इंग्रजीत तिथे 'रेस' आणि 'क्लास' असे शब्द आहेत. क्लास म्हणजे गरीब-श्रीमंत नव्हे. योद्धा, जादूगार, चोर असा पेशा. पण तेरा वर्षांच्या पोरीने 'रेस'ची जात केली आणि 'क्लास'चा धंदा. मी तिला दुरुस्त केलं नाही. शाळेच्या दाखल्यापासून शिष्यवृत्तीच्या अर्जापर्यंत तिने जे रकाने पाहिलेत, त्यांच्याशी हे तंतोतंत जुळत होतं.

मग तिने विचारलं, "यातली आपल्यासारखी कोणती?"

दहा वंश होते. त्यात रेडगार्ड नावाचे एक आहेत : वाळवंटी मुलखातले, सावळे, तलवारबाजीत तरबेज. मी त्यांच्याकडे बोट दाखवलं आणि मलाच अवघडल्यासारखं झालं. वर्धा जिल्ह्यातल्या, कपाशी-तुरीच्या मुलखातल्या पोरीचा वाळवंटाशी काय संबंध? तिने ऐकलंही नाही. मांजरासारखं तोंड आणि शेपूट असलेला खाजीत नावाचा वंश घेतला, बाई निवडली, धंदा चोराचा.

दोन दिवसांनी तक्रार आली. खाजीतला बूट घालता येत नाहीत. हे खरं आहे. त्या गेममध्ये खाजीत आणि सरड्यासारखे अर्गोनियन या दोन वंशांना बूटही चालत नाहीत आणि तोंड झाकणारं शिरस्त्राणही. त्यांच्या पायांची ठेवण वेगळी, असं त्याचं कारण. त्याच मुलखात हेच दोन वंश गुलाम म्हणून राबवले जातात. ज्या समाजात वाड्यासमोरून जाताना कुणाला पायातल्या वहाणा हातात घ्याव्या लागत, त्या समाजातल्या वाचकाला यात पायांच्या ठेवणीपलीकडचं काही दिसलं, तर त्याचा दोष नाही.

या रकान्यांचा जन्म 1974 सालचा. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ काढला. कागद, पेन्सिल, फासे, आणि टेबलाभोवती बसलेली चार पोरं. आजच्या बहुतेक कल्पनारम्य गेमचं मूळ तिथे सापडतं. पण नायक कुणीही होऊ शकतो, ही मोकळीक त्यात सुरुवातीला नव्हती. त्याच्या 1978 च्या नियमपुस्तकात स्त्री-पात्राच्या ताकदीला पुरुषाच्या खाली कमाल मर्यादा घालून दिली होती. 'पॅलाडिन' म्हणजे धर्मवीर योद्धा फक्त मानववंशीयच होऊ शके. बुटक्या ड्वार्फला ती वाट बंद. एल्फ, ड्वार्फ वगैरेंना बहुतेक पेशांत ठरावीक पायरीच्या वर चढताच येत नसे. जन्म आणि धंदा एकमेकांना बांधलेले. वंश आणि पेशाचे हे अडसर निघाले 2000 सालच्या तिसऱ्या आवृत्तीत. म्हणजे पूर्णपणे काल्पनिक जगातसुद्धा माणसाला जातीची गाठ सोडायला सव्वीस वर्षं लागली.

'मोरोविंड' ज्या मालिकेतला आहे तिचा पहिला गेम 1994 चा. त्यातही आठ वंश, अठरा पेशे, आणि बाई किंवा पुरुष यांची निवड होती. या मालिकेत प्रत्येक भागात नायक नवा असतो. आधीच्या नायकाचा मुलगा नाही, शिष्य नाही. बहुतेकदा कुठला तरी अनोळखी कैदी. 2011 च्या 'स्कायरिम'मध्ये तर पेशाचा रकानाच काढून टाकला. धनुष्य चालवत राहाल तर धनुष्यात हात बसेल, कुलपं उघडत राहाल तर कुलपांत.

हे सगळं भाचीला समजावताना मला दास्तान आठवत होती. 'दास्तान-ए-अमीर हमजा' माझ्या वाट्याला उशिराच आली, तीही जाड पुस्तकांतून. आपल्यातले बरेच जण तिच्याकडे संशयाने पाहतात. हजरत हमजा रजि. हे पैगंबर साहेबांचे चुलते, इ.स. 625 मध्ये उहुदच्या लढाईत शहीद झालेले. त्यांच्या नावाखाली पऱ्या, देव आणि जादूगारांच्या गोष्टी सांगणं अनेकांना खटकत आलंय. ज्याला खटकतं त्याने वाचू नये. दास्तानीतला अमीर हमजा हा गोष्टीतला माणूस आहे, एवढं ध्यानात ठेवलं म्हणजे झालं.

हिचा पसाराही मालिकेचाच आहे. अकबराने सोळाव्या शतकात तिची सुमारे चौदाशे चित्रं काढून घेतली. गालिब लखनवी यांची उर्दू आवृत्ती 1855 ची, अब्दुल्ला बिलग्रामी यांनी ती वाढवून 1871 मध्ये लखनौच्या नवल किशोर छापखान्यातून काढली. पुढे त्याच छापखान्याने ती 46 खंडांपर्यंत नेली. त्यातला सर्वांत लाडका भाग 'तिलिस्म-ए-होशरुबा'. त्याचा पहिला खंड 1883 चा. ज्यांना उर्दू वाचता येत नाही, त्यांनी दूरदर्शनवर 'चंद्रकांता' पाहिली असेल. त्यातले अय्यार याच घराण्यातले.

बिलग्रामींच्या गोष्टीत मक्केत एकाच दिवशी तीन मुलं जन्मतात. हमजा सरदाराचा मुलगा. मुकबिल गुलामाचा. आणि अमर हा उमय्या नावाच्या उंटवाल्याचा. या तिसऱ्याची जन्मकथा अंगावर काटा आणणारी आहे. त्या दिवशी जन्मलेल्या मुलाच्या बापाला मोहरा मिळणार असं कळताच उमय्या सातव्या महिन्यातल्या बायकोला मारहाण करतो. मूल जन्मतं, आई मरते. नौशेरवानचा वजीर बुजुर्जमेहर तिन्ही मुलांना पाहून भविष्य सांगतो. हमजा जगजेता होईल, मुकबिल अचूक तिरंदाज, अमर अय्यार. रेस, क्लास, सगळे रकाने पहिल्याच दिवशी भरून झाले, आणि भरणारा पुन्हा सरकारी माणूसच.

पण त्यानंतरची शेकडो पानं पाहा. हमजा कायम हमजाच. तो वेश बदलत नाही, खोटं बोलत नाही, दगा देत नाही. खानदानी माणसाला ते शोभत नाही. कोहकाफच्या पऱ्यांच्या देशात अठरा दिवसांसाठी म्हणून जातो आणि अठरा वर्षं अडकतो, तरी परत येतो तो तसाच. अमरचं मात्र प्रत्येक प्रसंगात नवं रूप. तो म्हातारी होतो, नाचणारी होतो, व्यापारी, हकीम, शत्रूच्या दरबारातली दासी होतो. जादूगाराच्या मैफलीत पोरगी बनून गातो, शराबमध्ये बेशुद्धीचं औषध मिसळतो आणि दरबार आडवा झाला की दागिने उतरवून आपल्या जंबीलमध्ये भरतो. ही त्याची झोळी. तिच्यात अख्खी दुनिया मावते, आणि कंजूष इतका की तिच्यातून कवडी बाहेर काढताना जीव जातो. त्याच्या जोडीचे अय्यारही बघण्यासारखे आहेत. किरान हबशी आहे. बर्क फिरंगी आहे. शत्रूच्या बाजूला पाच अय्यार बायका, त्यांची म्होरकी सरसर, आणि तिची अमरशी बरोबरीची टक्कर चालते.

ज्याला एकच रूप जन्मजात मिळालं, तो ते मिरवतो. ज्याला बापाकडून काहीच मिळालं नाही, त्याला सगळी रूपं घ्यावी लागतात. दास्तान सांगणाऱ्यांना हे पुरतं ठाऊक होतं. लोक हमजाच्या नावाने यायचे आणि अमरसाठी थांबायचे.

तरी हिशेब पूर्ण करायला हवा. आपला वारसा म्हटला की आपण फुलं वाहतो आणि पुढे जातो. होशरुबामध्ये तिलिस्म तोडण्याचा मान हमजाचा नातू असद याचा, कारण त्या तिलिस्माच्या तख्तीत, लौहमध्ये, तसं ठरलेलं आहे. हा असद बराच काळ कैदेत पडून असतो. लढाई चालवतात अमर आणि महरुख. महरुख ही जादूगारांचा बादशाह अफरासियाब याच्याविरुद्ध उठलेली राणी. फौज तिची, डावपेच तिचे, जखमाही तिच्याच. पण तख्ती तिच्या नावावर निघत नाही. अमरच्या नावावरही नाही. 'साहिबकिरान' हा किताब हमजाच्या रक्ताबाहेर जात नाही. शिवाय जो जादूगार हमजाचा दीन मान्य करतो तो आपला, जो करत नाही त्याची मान उडते. तिथे लेखणी जरासुद्धा अडखळत नाही. 1978 च्या त्या नियमपुस्तकाला हसण्याआधी आपण आपलीही पुस्तकं उघडलेली बरी.

आणि ही पुस्तकांपुरती गोष्ट नाही. इस्लाममध्ये जात नाही, हे आपण मशिदीत म्हणतो. लग्न जुळवताना पिंजारी, मोमीन, कुरेशी, सय्यद सगळे आपापल्या रकान्यात जाऊन उभे राहतात. नव्वदच्या दशकात शब्बीर अन्सारी आणि त्यांच्या साथीदारांनी महाराष्ट्रात मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली, खुद्द दिलीपकुमार त्यांच्या व्यासपीठांवर आले, तेव्हा आपल्यातलेच शरीफ लोक म्हणत होते की हे लोक कौममध्ये जाती आणतायत. आणायची गरजच नव्हती. उंटवाल्याचा मुलगा पहिल्या पानापासून गोष्टीत होता.

भाचीने मला विचारलं होतं, आपल्याकडे कुणी गेम बनवतं का. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 मध्ये 'राजी' काढला. त्याची नायिका गावोगाव खेळ करणाऱ्यांची मुलगी, राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधत निघालेली. तिथे निवडीचा कागद नाही. राजी ती राजीच. मला तो आवडला. पालावरच्या पोरीला नायिका करायचं आणि तिचं पोरगी असणं, डोंबारी-कोल्हाट्यासारखी कसरत येणं हेच तिचं बळ करायचं, हे कारकुनाचे दहा पर्याय देण्यापेक्षा अवघड काम आहे.

आता आर्वीबद्दल. भाचीच्या गावाला जुन्या कागदपत्रांत आर्वी तेलंगराव असंही म्हटलेलं आढळतं. तेलंगराव वली यांनी ते वसवलं, अशी समजूत. इंग्रजी राजवटीच्या गॅझेटियरमध्ये त्यांची नोंद आहे, आणि ती वाचताना मला दर वेळी मौज वाटते. हिंदू म्हणतात ते ब्राह्मण होते, मुसलमान म्हणतात ते मुसलमान होते, आणि दोघंही त्यांच्या समाधीला जातात. वर्धा जिल्ह्याचं गॅझेटियर 1906 मध्ये आर. व्ही. रसेल यांनी संपादित केलं. हेच रसेल 1901 साली मध्य प्रांताच्या जनगणनेचे प्रमुख होते, आणि पुढे 1916 मध्ये त्या प्रांतातल्या जाती-जमातींवर चार खंड लिहिणारेही तेच. माणसांना रकान्यांत बसवणं ज्याचं आयुष्यभराचं काम, त्याच्या खात्याने तेलंगरावांपुढे मात्र दोन्ही उत्तरं लिहून ठेवली.

समुद्रपूर तालुक्यात गिरडच्या टेकडीवर शेख फरीदबाबांचा दर्गा आहे. तिथेही दोन्हीकडचे लोक जातात. टेकडीवर गोल दगड सापडतात, सुपारी-जायफळासारखे. गोष्ट अशी की दोन फिरस्त्या व्यापाऱ्यांनी बाबांची थट्टा केली, तेव्हा त्यांचा सगळा माल दगड झाला. ते रडू लागले. बाबांनी वाळक्या पानांतून नवा माल करून दिला. तो घेऊन त्यांनी बाजार गाठायला हवा होता. पण ते तिथेच राहिले, बाबांची सेवा करत, आणि टेकडीवरच्या दोन कबरी त्यांच्या म्हणून दाखवतात. ते दोघं मूळचे कुठल्या जातीचे, हे गोष्ट सांगत नाही. धंदा बदलला, एवढंच सांगते.

जून उजाडायच्या आत भाचीने मोरोविंड पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. या वेळी बाई नाही, पुरुष, वंश रेडगार्ड, आणि धंदा व्यापाऱ्याचा. मी म्हटलं, ती मांजरीण काय वाईट होती? तर म्हणाली, "मामू, तिला ठेवलीय की. सेव्ह करून ठेवलीय. पण याला बूट चालतात."