‘एक बार काढून तर पाहू’

घरात आजोबांचं पिस्तूल असलं की एक वाक्य हमखास कानावर येतं : शस्त्राला बार लागतो, बार काढला नाही तर ते मरतं. अहिल्यानगर जिल्ह्यात, सवयीनं म्हणायचं तर नगरमध्ये, ते जरा जास्तच ऐकू येतं. इथे चिलखती दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे, यांत्रिक पायदळाचं केंद्र आहे, शहरातल्या एका भागाचं नावच तोफखाना आहे. संगमनेर तालुक्यातल्या निमजचे नामदेव जाधव यांनी 9 एप्रिल 1945 रोजी इटलीत, सेनिओ नदीच्या काठी, व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. अशा फौजी मुलखात एखाद्या घराच्या परवान्यावर जुनं वेब्ली रिव्हॉल्व्हर किंवा जर्मन ल्युगर निघालं तर नवल नाही. आणि ते निघालं की पुढचा प्रश्नही ठरलेला : ठेवायचं की चालवायचं?

‘चालवायचं’ म्हणणाऱ्यांचा पक्ष आधी नीट मांडला पाहिजे, कारण तो दुबळा नाही. ते म्हणतात, हत्यार उडवण्यासाठी घडवलेलं असतं, काचेत ठेवण्यासाठी नव्हे. पडून राहिलेली कमान आखडते, तेल घट्ट होतं, गंज चढतो. पिस्तूल कसं उसळतं, नेम किती धरतं, हे हातात घेऊन उडवल्याशिवाय कळत नाही आणि न कळलेल्या वस्तूचं जतन ते कसलं? हजारो फैरी झाडण्यासाठी बनवलेल्या पोलादाला दोनचार काडतुसांनी काय होणार? शिवाय आपण खंडेनवमीला शस्त्र पुजतो ते चालतं शस्त्र म्हणून. मोडक्या मूर्तीची पूजा आपण करत नाही. या शेवटच्या मुद्द्यावर बहुतेक जण गप्प होतात.

आखडण्यापासून सुरुवात करू. यंत्राला हालचाल लागते हे खरं, पण हालचाल आणि स्फोट या दोन गोष्टी आहेत. ल्युगरचा गुडघ्यासारखा दुमडणारा सांधा हातानं मागे ओढता येतो, वेब्लीचं रिव्हॉल्व्हर मधून उघडून चक्र फिरवता येतं, जुनं तेल पुसून हलकं तेल देता येतं. चाप ओढून पाहायचाच असेल तर आत डमी काडतूस घालावं, नाहीतर रिकाम्या घरावर आपटून टोचणी तुटते. या सगळ्यात कुठेही दारू पेटवावी लागत नाही. दारू पेटली की काय होतं? जुन्या लष्करी काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळलं की नळीत पोटॅशियम क्लोराइड उरतं. हे मिठाचंच भावंड, हवेतलं पाणी ओढून घेणारं. तेलाच्या चिंधीनं ते जात नाही, पाण्यानं धुवावं लागतं. जुन्या पेटीतली जुनी गोळी हौसेनं उडवून, नळीतून तेलाची चिंधी फिरवून पिस्तूल पुन्हा कपाटात ठेवणारा माणूस गंज घालवत नसतो, पेरत असतो. दमट पावसाळ्याचे चार महिने त्याला पुरतात.

‘दोनचार गोळ्यांनी काय होतं’ या म्हणण्यात पोलादाची सरासरी धरलेली असते, तुमच्या हातातलं पोलाद नव्हे. ल्युगरच्या कित्येक लहानमोठ्या भागांवर क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे ठोकलेले असतात. सगळे आकडे जुळणारं पिस्तूल आणि एक भाग बदललेलं पिस्तूल यांत संग्राहक जमीनअस्मानाचा फरक मानतात. शंभर वर्षांच्या पिस्तुलात फैरीच्या वेळी आधी तुटतात त्या अशाच बारीक गोष्टी : टोचणी, काडतूस ओढणारी आकडी. नवी आकडी मिळते, पण तिच्यावर ते दोन आकडे नसतात. वेब्लीची कथा याहून बिकट. 1887 चं पहिलं मार्क काळ्या दारूसाठी बनलं होतं. धूरविरहित कॉर्डाइट पुढे आलं. महायुद्धातलं मार्क सहा दणकट खरं, पण अमेरिकेत गेलेल्या अशा शेकडो रिव्हॉल्व्हरांची चक्रं मागून तासली गेली, का तर तिथे सहज मिळणारी .45 ऑटोमॅटिकची गोळी बसावी म्हणून. त्या गोळीचा दाब .455 पेक्षा कितीतरी जास्त. उडवण्याच्या हौसेपायी आधी वस्तू तासली, मग तिला न पेलणारा दाब दिला. हे जतन कुठल्या अर्थानं?

आता ज्ञानाचा मुद्दा, आणि माझ्या मते सगळा वाद इथेच आहे. बार काढून जे कळतं ते त्या जातीच्या कुठल्याही पिस्तुलातून कळतं. उसळी, गोळीचा वेग, नेम यांच्या नोंदी कारखान्यांनी आणि लष्करांनी शंभर वर्षांपूर्वीच करून ठेवल्या आहेत. या एकाच नगामध्ये आहे आणि दुसरीकडे कुठेच नाही असं काय? त्याचा क्रमांक, तपासनिसाचे ठोके, मूळ निळसर मुलामा, मुठीवर घासलेली जागा, नळीतल्या आट्यांवरचे ओरखडे.

लाहोरला 17 डिसेंबर 1928 रोजी पोलीस अधिकारी सॉन्डर्सवर भगतसिंगांनी झाडलेलं .32 कोल्ट पिस्तूल पाहा. फिल्लौरच्या पोलीस प्रशिक्षण केंद्रातून ते 1969 मध्ये इंदूरला सीमा सुरक्षा दलाच्या शस्त्रशाळेत आलं आणि तिथल्या संग्रहात इतर पिस्तुलांसारखंच एक म्हणून राहिलं. वर काळा रंग फासलेला होता. 2016 मध्ये रंग खरवडल्यावर खालचा क्रमांक निघाला : 168896. खटल्याच्या कागदांतला क्रमांक तोच. 2017 मध्ये ते हुसैनीवाला इथल्या संग्रहालयात गेलं. या सगळ्यात त्या पिस्तुलातून एकही गोळी उडवावी लागली नाही. एक आकडा शाबूत राहणं पुरलं. नाशिकला विजयानंद नाट्यगृहात 21 डिसेंबर 1909 रोजी अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर झाडलेलं ब्राउनिंग लंडनहून चोरून आलेल्या वीस पिस्तुलांपैकी होतं. त्या वीसांपैकी दुसरं एखादं उद्या कुणाच्या माळ्यावर निघालं, तर त्याची ओळख पटवायला क्रमांक लागेल आणि जुनी झाडलेली गोळी हाती असेल तर नळीच्या आट्या लागतील. दर फैरीला गोळीवरचं तांब्याचं वेष्टण त्या आट्यांवरून घासत जातं आणि साक्ष थोडी थोडी पुसत जाते. एका फैरीनं काही बिघडत नाही हे मान्य. पण ‘एकच बार’ म्हणणारा माणूस एका बारावर थांबल्याचं फारसं कुणी पाहिलेलं नाही.

काचेतली वस्तू मेलेली, असं ज्यांना वाटतं त्यांनी नगरमध्येच दोन ठिकाणं पाहावीत. खारे कर्जुन्याच्या मैदानावर, ज्याला फौज के. के. रेंज म्हणते, आजचे रणगाडे खरा दारूगोळा डागतात. ते त्यांचं कामच आहे. आणि शहरालगत 1994 पासूनचं रणगाडा संग्रहालय आहे. तिथे रोल्स-रॉइसची चिलखती गाडी आहे, सेंच्युरियन आहे, विजयंता आहे, पाकिस्तानकडून आलेला पॅटन आहे. ते हलत नाहीत. पण पॅटनसमोर उभ्या राहिलेल्या पोराला चिलखताची जाडी आणि उतार दिसतो, जोडणी कुठे आहे ते दिसतं. धावत्या रणगाड्यात धूळ दिसते. इंग्लंडच्या बोव्हिंग्टनमधला टायगर 131 हा धावणारा म्हणून जगभर नावाजला गेला. एप्रिल 1943 मध्ये ट्युनिशियात पकडलेला हा रणगाडा धावता करताना त्यात दुसऱ्या टायगरचं, पुढच्या बनावटीचं इंजिन बसवावं लागलं. लोक टाळ्या वाजवतात तो आवाज 131 चा नाहीच. त्या संग्रहालयानं हे लपवलेलं नाही आणि निर्णय विचारपूर्वक घेतला, म्हणून मी त्याला नावं ठेवत नाही. पण ‘चालतं म्हणजे अस्सल’ हे समीकरण तिथे टिकत नाही, एवढं नक्की.

पिस्तुलाच्या वादात तोफ आणली म्हणून कुणी हसेल, पण नगरकरांना ती टाळता येत नाही. विजापूरच्या बुरुजावरची मुलूखमैदान 1549 मध्ये बुऱ्हाण निजामशहाच्या काळात इथेच, नगरला, महंमद रूमी या ओतकारानं ओतली. वजन सुमारे 55 टन. तालिकोटच्या लढाईशी तिचं नाव जोडलं जातं. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यात होती आणि 1632 मध्ये आदिलशाही सरदार मुरारपंतानं विजापूरला नेली. 1854 मध्ये इंग्रजी अमलात तिचा लिलाव झाला, दीडशे रुपयांना, आणि नंतर तो रद्द केला गेला. बोटानं ठोकलं तर ती घंटेसारखी वाजते, कारण तिचा धातू घंटेचाच आहे : ढोबळमानानं चार भाग तांबं, एक भाग कथील. नेहमीच्या तोफेच्या धातूत कथील याच्या निम्म्याच्या आसपास असतं. कथील वाढलं की आवाज गोड होतो आणि धातू ठिसूळ. कुणा उत्साही अधिकाऱ्यानं किंवा उत्सव समितीनं ‘एकदा बत्ती देऊन पाहू’ म्हटलं असतं, तर? स्कॉटलंडच्या मॉन्स मेग या तोफेचं तेच झालं. 1680 च्या सुमारास राजाच्या भावाच्या वाढदिवसाची सलामी म्हणून तिला बत्ती दिली आणि नळी फुटली. युद्धात टिकलेली तोफ वाढदिवसाला गेली. मुलूखमैदानीच्या तोंडावरचा हत्ती गिळणारा सिंह, तिच्यावरचा निजामशाही लेख आणि नंतर औरंगजेबानं कोरवलेला लेख आपण वाचू शकतो, कारण ती गप्प आहे.

कायद्याचीही एक गंमत आहे, ती सहसा कुणी लक्षात घेत नाही. 1959 च्या शस्त्र कायद्याचं 45 वं कलम पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा कालबाह्य शस्त्रांना सूट देतं, पण अट अशी की दुरुस्त करूनही ते उडवता येऊ नये. म्हणजे पणजोबांची ठासणीची बंदूक ‘जुनी वस्तू’ म्हणून बिनपरवाना बाळगणाऱ्यानं ती उडवून दाखवली, की स्वतःविरुद्धचा पुरावा त्यानं स्वतःच तयार केला. 9 मिलिमीटर आणि .455 ही लष्करी काडतुसं घेणारी पिस्तुलं तर निषिद्ध बोअरमध्ये मोडतात. 2019 च्या दुरुस्तीनं एका व्यक्तीकडच्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, वारसाहक्कानं आलेली धरून. वरातीत हौसेनं बार काढून इतरांचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

उलट टोकालाही मी उभा नाही. प्रत्येक जुनं पिस्तूल पवित्र असतं असं नव्हे. मुलामा पुन्हा चढवलेला, भाग बदललेले, लाखांनी बनलेल्या मॉडेलचं आणि कुठल्याही माणसाशी वा प्रसंगाशी न जोडलेलं .32 परवान्यावर असेल, तर जाणत्या बंदूक-कारागिराकडून तपासून, योग्य काडतूस घेऊन रेंजवर खुशाल चालवावं. त्यातून हरवण्यासारखं काही उरलेलंच नसतं. आणि काही ‘जतन’ बारापेक्षा वाईट असतं : कातडी म्यानात वर्षानुवर्षं कोंबून ठेवणं, म्हणजे कमावलेल्या कातड्यातली आम्लं आणि ओल सरळ पोलादाला लागणार, किंवा चिंच-राखेनं घासून लखलखीत करणं, म्हणजे मुलामाही गेला आणि ठोकेही. निकामी करून घ्यायचं म्हणून नळीला भोक पाडणं हेही जतन नव्हे. बार काढण्यानं जे कदाचित जाईल ते भोकानं नक्की जातं.

राहिली पूजा. खंडेनवमीला शस्त्र पुजावं, पण ओलं हळद-कुंकू पोलादावर न लावता खालच्या पाटाला किंवा वस्त्राला लावावं. हात लागलाच तर सुती कापडानं पुसून तेलाचा पातळ थर द्यावा, घामातलं मीठ बोटांच्या ठशांत गंज धरतं. पूजेसाठी शस्त्र चालतं हवं असा दंडक असता, तर कित्येक वाड्यांतल्या मूठ सुटलेल्या तलवारी देवघरातून कधीच बाहेर गेल्या असत्या.

आणि ज्याची खरी भीती बाळगायला हवी ते न काढलेल्या बारात नाहीच. परवानाधारक वारला की शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं; मुदतीत वारसांनी परवाना मिळवला नाही किंवा विल्हेवाट लावली नाही, तर ते सरकारजमा होऊ शकतं. मग मुद्देमालाच्या खोलीत गावठी कट्ट्यांच्या ढिगात ते पडतं आणि क्रमांकामागची गोष्ट सांगणारं कुणी उरत नाही. पिस्तूल कुणी, कुठल्या पलटणीतून, कुठल्या साली आणलं, परवाना कधीचा, कुठला भाग कधी बदलला, हे एका कागदावर लिहून क्रमांकाच्या छायाचित्रासह परवान्याच्या वहीत ठेवायला एक संध्याकाळ लागते. सांभाळणं जमणार नसेल, तर परवानाधारकानं हयातीतच जिल्हा दंडाधिकाऱ्यांमार्फत एखाद्या संग्रहालयाला विचारून पाहावं; मागे राहिलेल्या मुलांना ते जमण्याची शक्यता कमी.