वराहज्वराची कथा

श्रोतेहो, बंगळूर शहराच्या उत्तरेस हेब्बाळ हे ठिकाण आहे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात म्हैसूर संस्थानाने तेथे पशुरोगांवरील सीरम तयार करणारी संस्था स्थापन केली. त्या काळी पशुवैद्यांचा मुख्य शत्रू होता बुळकांडी. गुरांच्या साथींचा अभ्यास करण्यासाठी सरकारने १८८९ साली पुण्यात प्रयोगशाळा काढली होती. १८९३ साली ती मुक्तेश्वरला गेली. शेती बैलांवर चाले, तेव्हा बैलाची चिंता आधी होणे स्वाभाविकच होते. दशावतारांत तिसरे स्थान लाभलेल्या वराहाची पाळी मात्र फार उशिरा आली.

डुकरांचा सर्वांत घातक ज्वर प्रथम अमेरिकेत नोंदला गेला. १८३३ साली ओहायोतील कळप या रोगाने पडू लागले. १८८५ साली सॅमन आणि थिओबाल्ड स्मिथ या संशोधकांनी आजारी डुकरांत एक जंतू शोधला आणि तोच या रोगाचे मूळ मानला. परंतु तो जंतू चोराच्या मागून घरात शिरलेला दुसरा चोर होता. १९०३ साली द श्वाइनिट्झ व डॉर्सेट यांनी रोगी डुकराचे रक्त अतिसूक्ष्म गाळणीतून गाळले. जंतू मागे राहिले, तरीही त्या गाळलेल्या द्रवाने रोग झालाच. खरा अपराधी विषाणू होता! चुकीच्या त्या जंतूच्या कुळाला मात्र सॅमनचे नाव कायमचे चिकटले. 'साल्मोनेला' ते हेच.

पुढे हा विषाणू सशांच्या शरीरातून वारंवार नेऊन सौम्य करण्यात आला. अशा सशाच्या प्लीहेपासून लस बनू लागली. हेब्बाळच्या संस्थेतही ती तयार होऊ लागली. पण एका सशापासून मिळत सुमारे ५० मात्रा. देशाची गरज वर्षाला सुमारे दोन कोटी मात्रांची, आणि तयार होत जेमतेम १२ लाख! सशाऐवजी पेशींवर वाढवलेली लस भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेने २०२० साली पुढे आणली, तेव्हा या कोंडीतून वाट दिसली.

आणि नेमक्या त्याच वर्षी आसाम व अरुणाचल प्रदेशात आफ्रिकी वराहज्वर अवतरला. माँटगोमेरी यांनी १९२१ साली केनियातून वर्णिलेला हा रोग लक्षणांनी जुन्या ज्वराचा जणू जुळा भाऊ आहे: तोच ताप, कातडीवर तेच लाल-जांभळे डाग. परंतु विषाणूचे कुळ निराळे. जुनी लस येथे निरुपयोगी. डोळ्यांना दोन्ही सारखेच. निवाडा प्रयोगशाळेनेच करावयाचा.

म्हणून बंगळुरातील येलहंका येथील राष्ट्रीय पशुरोग साथशास्त्र संस्थेचे काम मोलाचे ठरते. रक्ताचे नमुने तपासावे, साथ कोठून कोठे सरकते याचा माग घ्यावा, आगाऊ इशारा द्यावा, हे तिचे व्रत.

श्रोतेहो, डुक्कर पाळणारा माणूस बहुधा भूमिहीन असतो. चार जनावरे हीच त्याची पुंजी. मुलांची फी, घरातले लग्न त्यांवरच निभते. साथ आली की एका आठवड्यात सारे संपते. १८८५ साली रोगाची ओळख चुकली, ती सुधारण्यास अठरा वर्षे लागली. अमेरिकेने ती सोसली. अशा गृहस्थापाशी मात्र अठरा दिवसही नसतात.