सामायिक साठ्याचा सातबारा

मालाड, प्रतिनिधी

मालाड पश्चिमेतील लिंक रोडलगतचे माइंडस्पेस संकुल ही उपनगरातील माहिती-तंत्रज्ञान व्यवसायाची ठळक खूण होय. अशा कार्यालयांत पूर्वी प्रत्येक कामासाठी स्वतंत्र सर्व्हर असे. गेल्या दोन दशकांत हे चित्र पालटले. एका सर्व्हरवर अनेक आभासी संगणक, म्हणजेच व्हर्च्युअल मशीन, चालवता येतात आणि असे सर्व्हर जोडून त्यांचा क्लस्टर बांधता येतो. सर्वांची माहिती एकाच सामायिक साठ्यावर ठेवली की एक सर्व्हर बंद पडला तरी त्याचे काम दुसऱ्यावर सुरू होते. ही सोय मोठी आहे. मात्र साठ्याच्या वाटणीत शिस्त नसेल तर तीच माहितीच्या मुळावर उठू शकते.

वाटणी कशी होते?

लिनक्सवर ही वाटणी ‘लॉजिकल व्हॉल्यूम मॅनेजर’ अर्थात एलव्हीएम करतो. हाइन्झ माउल्सहागेन यांनी तो १९९८ मध्ये लिहिला. अनेक डिस्क एकत्र करून त्यांचा व्हॉल्यूम ग्रुप बनतो. त्याचे सर्वसाधारणपणे ४ मेगाबाइटचे तुकडे पडतात आणि हवे तितके तुकडे जोडून लॉजिकल व्हॉल्यूम तयार होतो. कोणता तुकडा कोणाचा, याची नोंद डिस्कवरच राहते. तिला मेटाडेटा म्हणतात. जमिनीच्या व्यवहारात सातबाऱ्याला जे स्थान, तेच येथे मेटाडेटाला.

धोका कोठे?

मूळ एलव्हीएम हा एका सर्व्हरसाठी बनलेला आहे. दोन सर्व्हरनी तोच साठा पाहिला तर प्रत्येक जण स्वतःलाच एकमेव मालक समजतो. दोन तलाठ्यांनी एकमेकांना न विचारता एकाच उताऱ्यावर फेरफार करावा, तसा हा प्रकार. दोघांनी एकाच वेळी नवे व्हॉल्यूम बनवले तर एकाची नोंद दुसऱ्याच्या नोंदीवर लिहिली जाते आणि तेच तुकडे दोन आभासी संगणकांच्या वाट्याला येतात. एका सर्व्हरवर वापरात असलेले व्हॉल्यूम दुसऱ्याने ‘रिकामे’ समजून पुसून टाकणे हेही शक्य आहे. यात अनेकदा कोणताही इशारा मिळत नाही. बिघाड कळतो तो काही दिवसांनी, फाइल उघडेनाशा झाल्यावर.

कुलूप कोणाकडे?

उपाय एकच : नोंद बदलण्यापूर्वी क्लस्टरमधील सर्वांना मान्य असे कुलूप घेणे. रेड हॅटच्या लिनक्समध्ये हे काम पूर्वी ‘सीएलव्हीएमडी’ करीत असे. २०१९ मध्ये आलेल्या आठव्या आवृत्तीपासून त्याची जागा ‘एलव्हीएमलॉकडी’ने घेतली. झेनसर्व्हरमध्ये नोंदीतील बदल क्लस्टरचा प्रमुख सर्व्हर करतो. प्रॉक्समॉक्समध्ये साठ्याचे व्यवहार क्लस्टरव्यापी कुलपाखाली होतात. परंतु कोणी थेट कमांड देऊन व्हॉल्यूम बनवले, तर ते कुलूप टाळले जाते.

कुलपालाही मर्यादा आहे. ते वाटणीचे रक्षण करते, आतील फाइलींचे नव्हे. ईएक्सटी४ किंवा एक्सएफएस असलेले व्हॉल्यूम दोन ठिकाणी एकाच वेळी लिहिण्यासाठी उघडल्यास माहिती बिघडणारच. त्यासाठी जीएफएस२ किंवा ओसीएफएस२ यांसारखी सामायिक फाइल-व्यवस्था लागते.

संपर्क तुटला तर?

खरी कसोटी लागते ती सर्व्हरमधील संपर्क तुटल्यावर. पलीकडचा सर्व्हर मेला की केवळ बोलेनासा झाला, हे अलीकडच्याला कळत नाही. अशा वेळी बहुमत असलेल्या गटानेच काम चालू ठेवावे आणि संशयित सर्व्हरची वीज किंवा साठ्याची वाट आधी तोडावी, असा नियम आहे. याला फेन्सिंग म्हणतात. दोनच सर्व्हर असतील तर बहुमत ठरत नाही. म्हणून तिसरा साक्षीदार हवा.

दुवा तुटल्याने साठाच हाताबाहेर जातो, याचा अनुभव मुंबईने २४ फेब्रुवारी २०२१ रोजी घेतला. नॅशनल स्टॉक एक्स्चेंजमधील व्यवहार सकाळी ११.४० वाजता थांबले आणि दुपारी ३.४५ वाजता पुन्हा सुरू झाले. दोन केंद्रांमधील रस्त्यावरील खोदकामामुळे दूरसंचार दुवे अस्थिर झाले, साठवण-जाळे अनपेक्षितपणे वागले आणि मुख्य साठा सर्व्हरना मिळेनासा झाला, असे एक्स्चेंजने नंतर स्पष्ट केले. हा एलव्हीएमचा दोष नव्हता. पण सामायिक साठ्यावर किती काही अवलंबून असते, हे त्यातून दिसले.

हे पाळावे

- प्रत्येक व्हॉल्यूम एका वेळी एकाच सर्व्हरवर, अनन्य पद्धतीने सक्रिय करावे. स्थलांतराच्या क्षणी दोन्हीकडे उघडावे लागले, तरी आभासी संगणक एकाच ठिकाणी चालावा.

- सर्व्हर सुरू होताच सर्व व्हॉल्यूम आपोआप सक्रिय होऊ देऊ नयेत. १२ ऑक्टोबर २०२० सारखी वीज गेली की परतल्यावर सारे सर्व्हर एकदमच जागे होतात.

- आभासी संगणकाच्या आतील एलव्हीएम बाहेरच्या सर्व्हरने वाचू नये, यासाठी फिल्टर लावावा.

- व्हॉल्यूमचा आकार वाढवल्यावर ते जेथे वापरात आहे त्या सर्व्हरवरील नोंद ताजी करावी. आकार कमी करणे शक्यतो टाळावे.

- थिन पूल एकाहून अधिक सर्व्हरवर एकाच वेळी सक्रिय करू नये.

- मेटाडेटाची प्रत क्लस्टरबाहेर ठेवावी. तथापि, ती केवळ नकाशा परत देते, माहिती नव्हे. माहितीची स्वतंत्र प्रत ठेवून ती उघडते का, हे ठरावीक काळाने तपासावे.

सातबारा हरवला तर नक्कल मिळते. परंतु एकाच तुकड्यावर दोघांनी लिहिले, तर आधीचे पीक पुन्हा उगवत नाही.