विश्वस्तांविरुद्धच्या दाव्यांची मुदत

विश्वस्ताने न्यासाची मिळकत गिळली, तर हिताधिकाऱ्याने किती वर्षांत दावा लावायचा, याचे नियम. मुदत अधिनियम, 1963 च्या कलम 10 प्रमाणे, विशिष्ट हेतूसाठी ज्याच्या हाती मिळकत न्यास म्हणून सोपवली, त्याच्याकडून वा त्याच्या वारसांकडून ती परत घ्यायला किंवा हिशेब मागायला मुदतच नाही. नुसत्या नुकसानभरपाईच्या दाव्याला ही सवलत नाही.

देवस्थानांना हे संरक्षण उशिरा मिळाले. 1921 मध्ये विद्यावरुथी तीर्थ विरुद्ध बालुसामी अय्यर या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने मठाधिपती विश्वस्त नव्हे, केवळ व्यवस्थापक, असे ठरवले आणि त्याला तेव्हाच्या मुदत कायद्याचे कलम 10 लागू होईना. ती पळवाट 1929 च्या दुरुस्तीने बुजवली. हिंदू, मुस्लिम व बौद्ध धर्मादायाचा वहिवाटदार तेव्हापासून विश्वस्त समजला जातो.

खरा पेच विकलेल्या जमिनीचा. पैसे मोजून घेणाऱ्याला कलम 10 लागत नाही. हस्तांतर वादीला कळल्यापासून 12 वर्षांत दावा लावावा लागतो, जंगम मालमत्तेसाठी 3. महाराष्ट्राचा 1950 चा सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम यापुढे गेला आहे. त्याच्या कलम 52-अ प्रमाणे नोंदणीकृत सार्वजनिक न्यासाची स्थावर मिळकत अशा खरेदीदाराकडूनही केव्हाही मागता येते. खासगी न्यासाला हा आधार नाही.

पिंपरी-चिंचवड ते चाकण पट्ट्यात हे कलम पुस्तकी राहत नाही. चिंचवडचे मोरया गोसावींचे देवस्थान, देहू आणि आळंदी इथलीच. 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, कारखाने आले आणि शेताचा भाव गुंठ्यावर ठरू लागला. देवस्थान इनामाच्या सातबाऱ्यावर देवाचे नाव आणि प्रत्यक्ष वहिवाट दुसऱ्याची, असा प्रकार असतो. 1950 च्या याच अधिनियमाच्या कलम 36 नुसार न्यासाची जमीन विकायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते; शेतजमीन 10 वर्षांपेक्षा जास्त भाड्याने द्यायलाही. खरेदीदाराचा वकील रिवाजाप्रमाणे 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट काढतो आणि निर्धास्त होतो. जिथे मुदतच नाही तिथे 30 वर्षांचा काय उपयोग? न्यासाच्या नोंदवहीचा, म्हणजे परिशिष्ट 1 चा उतारा धर्मादाय कार्यालयातून आधी काढलेला बरा.

सार्वजनिक न्यासाच्या विश्वस्तांविरुद्ध असा दावा हितसंबंधी व्यक्तींना लावायचा, तर निदान दोघे हवेत आणि आयुक्तांची लेखी संमतीही. जिथे मुदत लागू असते, तिथे या संमतीत गेलेला वेळ मुदतीतून वगळला जातो.