डेंग्यूच्या जलद निदानासाठी संवेदक

डेंग्यू, चिकुनगुन्या आणि झिका हे विषाणूजन्य आजार एडिस जातीच्या डासांमार्फत पसरतात. ताप, अंगदुखी, पुरळ ही प्रारंभीची लक्षणे तिन्हींमध्ये सारखीच असल्याने केवळ लक्षणांवरून निदान करणे कठीण असते. डेंग्यूवर विशिष्ट औषध नाही. म्हणूनच वेळेवर निदान व रुग्णावर देखरेख यांना महत्त्व आहे.

जैवसंवेदकाचे मुख्य भाग दोन. पहिला भाग रक्तातील विषाणूचा अंश ओळखून त्याला धरून ठेवतो, तर दुसरा या क्रियेचे रूपांतर रंगात किंवा विद्युत संकेतात करतो. प्रचलित चाचणीपट्टीवर सोन्याच्या सूक्ष्मकणांना जोडलेली प्रतिपिंडे हे काम करतात आणि सुमारे वीस मिनिटांत रंगीत रेघ उमटते. २०१६ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी कागदावर वाळवलेल्या जनुकीय घटकांच्या साहाय्याने झिका विषाणू ओळखण्याची पद्धत विकसित केली.

मात्र, तापाचा कितवा दिवस आहे यावर निष्कर्ष अवलंबून असतो. डेंग्यू विषाणूचे 'एनएस-१' हे प्रथिन साधारणपणे पहिल्या पाच दिवसांत आढळते. 'आयजीएम' प्रतिपिंडे त्यानंतर आढळू लागतात. दुसऱ्यांदा डेंग्यू झाल्यास एनएस-१ चाचणी चुकण्याची शक्यता वाढते. शिवाय डेंग्यू, झिका आणि जपानी मेंदूज्वराचे विषाणू एकाच कुळातील असल्याने प्रतिपिंडांच्या चाचणीत गल्लत होऊ शकते. त्यामुळे अनेक घटक एकाच वेळी ओळखणारे संवेदक घडविण्यावर संशोधकांचा भर आहे.

भारतात डेंग्यूच्या निदानाची निश्चिती 'एलायझा' चाचणीने केली जाते. पुणे येथे १९५२ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था त्यासाठीचे आयजीएम संच देशभरातील निवडक रुग्णालयांना पुरवते. परंतु या चाचणीस प्रयोगशाळा व काही तासांचा अवधी लागतो. ग्रामीण भागात रुग्णाजवळच वापरता येणाऱ्या विश्वासार्ह संवेदकाची गरज आहे, ती याचमुळे.

जलद चाचणी नकारार्थी आली, तरी डेंग्यू नाही असे निश्चित समजू नये. ताप उतरू लागतानाच प्रकृती गंभीर होण्याचा धोका असतो. पोटात तीव्र वेदना, सतत उलट्या किंवा रक्तस्राव आढळल्यास चाचणीच्या निष्कर्षाची वाट न पाहता रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे.