दुनळी स्वस्त झाली, पण कुणासाठी?

मंडळी, मागच्या व्याख्यानात आपण ठासणीच्या बंदुकीपाशी थांबलो होतो. आज दुनळी. बारा बोरची म्हणजे काय, तर एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, की त्यातली एक नळीत जेमतेम बसेल इतकं तोंड. साधारण साडेअठरा मिलिमीटर.

ही बंदूक आधी महागच होती. दोन नळ्या नेमक्या जुळवणं हे हातकाम. शिवाय प्रत्येक नळीचं यंत्र बाजूच्या पट्टीवर घासूनपुसून बसवायचं, आणि बार काढण्याआधी बाहेरचे घोडे अंगठ्याने चढवायचे. १८७५ मध्ये बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्स कारखान्यातल्या विल्यम अँसन आणि जॉन डीली यांनी सगळं यंत्र बंदुकीच्या पेटीतच बसवलं. नळ्या मोडून उघडल्या की घोडे आपोआप चढतात. सुटे भाग कमी, काम सोपं. पुढे इतर कारागिरांनीही हीच रचना उचलली. लंडनच्या उंची बंदुका उमरावांकडे राहिल्या, पण साधी दुनळी सामान्य माणसाच्या आवाक्यात येऊ लागली.

आता पुढचं साल बघा. १८७८. व्हाइसरॉय लिटनच्या काळात हिंदुस्थानात शस्त्र कायदा आला. भारतीयाला परवाना हवा, युरोपियनाला सूट! म्हणजे साहेबाने दुकानात पैसे मोजले की काम झालं. रानडुकरांनी पीक खाल्लेल्या आपल्या शेतकऱ्याने मात्र आधी कचेरीची पायरी झिजवायची. १८८७ च्या मद्रास काँग्रेसने हा कायदा बदला असा ठराव केला. त्यात लोकांच्या हालांची तक्रार होती, तशीच लोकांच्या निष्ठेवर विनाकारण डाग लावल्याचीही.

स्वातंत्र्यानंतर १९५९ चा कायदा झाला. साहेबाची सूट केव्हाच गेली होती. पण त्याचं तेरावं कलम नीट वाचा. स्वसंरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान वीस इंच नळीची साधी बंदूक. आणि पीकरक्षणासाठी? ठासणीची! ती पुरणार नाही असं अधिकाऱ्याला पटलं, तरच दुसरी. म्हणजे कारखान्याने १८७५ मध्ये सोडवलेला प्रश्न शेताच्या बांधावर कितीतरी वर्षं तसाच राहिला. म्हणून बंदुकीचा इतिहास वाचताना किंमत बघा, पण परवान्याचा कागदही बघा.