महाराष्ट्रातील धान्यमापे

महाराष्ट्राच्या खेड्यांत पूर्वी धान्य तोलण्यापेक्षा मापण्याची रीत अधिक होती. पुणे भागातील जुने कोष्टक असे: 2 निळव्यांचे 1 कोळवे, 2 कोळव्यांचे 1 चिपटे, 2 चिपट्यांचे 1 मापटे, 2 मापट्यांचा 1 शेर, 2 शेरांची 1 अडिसरी आणि 2 अडिसऱ्यांची 1 पायली. प्रत्येक पायरी दुपटीची, म्हणून पायलीत 64 निळवी. लहान माप दोनदा ओतले की मोठे भरले पाहिजे, हे तराजूवाचून कुणालाही पडताळता येई. निरक्षर कुळाला याहून भक्कम आधार नव्हता. पायलीच्या वर मात्र दुपटीचा क्रम सुटतो. 12 पायल्यांचा मण, 20 मणांची खंडी. काही भागांत मण 16 पायल्यांचा.

मापांची ही परंपरा फार जुनी. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कुडुब, प्रस्थ, आढक, द्रोण ही चौपटीने वाढणारी मापे आहेत. शिवाय राजाच्या कोठारात धान्य घेण्याचा द्रोण मोठा आणि देण्याचा लहान, हेही तिथे उघड नोंदलेले आहे. भास्कराचार्यांनी लीलावतीत एक हात लांब, रुंद व खोल अशा भांड्याच्या मापाला मगधातील खारी म्हटले. त्यांचा कुडव, म्हणजे अर्थशास्त्रातला कुडुब, अगदी लहान. कोकण-गोव्यातला कुडव मात्र मोठा, 20 कुडवांची खंडी.

खरा वाद असे तो शिगेचा, म्हणजे मापाच्या काठावर चढणाऱ्या ढिगाचा. माप काठोकाठ सपाट भरायचे की शिगोशीग, हे आधी ठरवावे लागे. सारख्याच धारणेच्या दोन भांड्यांत रुंद तोंडाच्या भांड्यावर शीग मोठी राहते. माप हलवले किंवा दाबले तरी धान्य जास्त मावते. त्यामुळे मापाच्या आकाराइतकेच मापणाऱ्याच्या हातालाही महत्त्व होते. खळ्यावर रास मापताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणत.

गावोगावचा शेर वेगळा असल्याने व्यापाऱ्याचे फावे आणि शेतकरी नाडला जाई. मुंबई प्रांतात 1932 च्या कायद्याने मापे प्रमाणित करण्याचा प्रयत्न झाला. 1956 च्या केंद्रीय कायद्यानंतर देशभर टप्प्याटप्प्याने किलो आणि लिटर आले. धान्य तराजूवर गेले. चुरमुऱ्यांसारखा हलका, फुगीर माल मात्र पुढेही मापाने विकला जात राहिला.